तेहतीस कोटी आणि याज्ञवल्क्यांच्या तीन कोट्या

प्रश्न असा आहे: “‘तेहतीस कोटी देव’ यातली कोटी म्हणजे शंभर लाख नव्हे, तर प्रकार, असे गणपतीत एका मांडवातल्या फलकावर वाचले. हे खरे का? की ती संख्याच आहे आणि रूपक म्हणून घ्यायची? शिवाय कोटी लिहावे की कोटि?”

खरे नाही. हा फलक दर भाद्रपदात कुठल्या ना कुठल्या पेठेत लागतो, उरलेले वर्ष व्हॉट्सॲपवर फिरतो आणि आता तर प्रवचनांतही “मूळ संस्कृतात” अशी सुरुवात करून ऐकवला जातो. मूळ संस्कृत उघडून पाहण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

कोटीला श्रेणी, दर्जा हा अर्थ आहे. ‘उच्च कोटीचा गायक’ आपण म्हणतोच. पण म्हणून तो इथे लागतो का? बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात याज्ञवल्क्य ऋषी तेहतिसांची यादीच देतात: ८ वसू, ११ रुद्र, १२ आदित्य, इंद्र आणि प्रजापती. बेरीज ३३. आता यात प्रकार किती? पाच, आणि त्यातले शेवटचे दोन एकांडे. म्हणजे तेहतीस ही डोकी झाली. ‘प्रकार’ म्हणून हिशेब सोडवायला जावे तर तो आणखीच बिघडतो.

दुसरे असे की वेदांत या तेहतिसापुढे कोटी हा शब्दच नाही. ऋग्वेद १.१३९.११ मध्ये सरळ द्युलोकात ११, पृथ्वीवर ११ आणि पाण्यात ११ देव सांगितले आहेत. जो शब्द तिथे नाही, त्याचा अर्थ चुकवला तो इंग्रजांनी की आपल्या पणजोबांनी, हा वादच फुकट. आकडा पायरीपायरीने चढलेला दिसतो. ऋग्वेदातच ३.९.९ मध्ये ३३३९ देव अग्नीची सेवा करतात. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढा, आदिपर्व, पहिला अध्याय, ३९वा श्लोक: “त्रयस्त्रिंशत्सहस्राणि त्रयस्त्रिंशच्छतानि च”, आणि वर आणखी ३३. एकूण ३६,३३३, आणि श्लोक स्वतःच म्हणतो की हे थोडक्यात सांगितले! आता सहस्र म्हणजेही प्रकार का? जुन्या मराठीत नऊ कोटी कात्यायनी, छप्पन्न कोटी चामुंडा आणि औट कोटी भुतावळ आहे. औट म्हणजे साडेतीन. पूर्वी पोरे औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, पाठ करत. भुतांचे साडेतीन प्रकार कसे करायचे, हे फलकवाल्यांनी सांगावे. (मुहूर्त आणि पीठे साडेतीन असतात, मान्य. पण तिथला अर्धा मुहूर्त आणि अर्धे पीठ बोट दाखवून सांगता येते. अर्ध्या प्रकारचे भूत अजून कोणी दाखवलेले नाही.)

एवढा राग काढून झाल्यावर खरी गंमत.

कोटि म्हणजे मुळात धनुष्याचे वाकलेले टोक. चंद्रकोरीची टोके, शिंगाचे अग्र, कशाचीही कड. कडेला गेले की ‘पराकोटी’. मोजण्याच्या टोकाला गेले की शंभर लाख. भास्कराचार्यांच्या लीलावतीत काटकोन त्रिकोणाच्या बाजू भुज, कोटि आणि कर्ण, त्यातूनच कोटिज्या (कोसाइन). न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, संशय ‘उभयकोटिक’ असतो: अंधारात दिसते ते खोड की माणूस, ही त्याची दोन टोके. तिथून वादातली बाजू ती कोटी, आणि बाजूंची मांडणी तो कोटिक्रम. मग आपली ‘कोटी करणे’ ही कुठून आली? ती कोटिक्रमातून, चतुर युक्तिवादातून आली एवढे सांगून थांबणारे आहेत. मला ते अर्धवट वाटते. युक्तिवाद चतुर असला म्हणून हशा पिकत नाही. कोटी साधते ती एकच शब्द दोन अर्थांच्या टोकांना एकदम ताणून बांधल्यामुळे, आणि ते संशयाच्या दोन कोटींशी हुबेहूब जुळते. फक्त संशयात माणूस अडकतो आणि कोटीत सुटतो. माझ्या मते शब्द संशयाकडूनच आला आहे, वादाच्या फडाकडून नव्हे.

आणि योगायोग पाहा, याज्ञवल्क्य त्या यादीचा उलगडा करतात तोच कोट्या करत. रुद्र म्हणजे दहा प्राण आणि अकरावा आत्मा. ते देहातून निघताना आप्तांना रडवतात, ‘रोदयन्ति’, म्हणून रुद्र. आदित्य म्हणजे बारा महिने. ते सगळे घेऊन चालतात, ‘आददाना यन्ति’, म्हणून आदित्य. सर्वांत सुंदर ‘अध्यर्ध’, म्हणजे दीड. वादातला प्रतिपक्षी शाकल्य “देव किती?” असे पुन्हा पुन्हा विचारतो आणि उत्तर ३३०६ वरून ३३, ६, ३, २ असे उतरत दीडवर येते. दीड देव कोण? वारा. तो तर एकच, मग दीड कसा? कारण त्याच्यात सगळे ‘अध्यार्ध्नोत्’, भरभराटीला आले! मग शेवटी एक. आणि आधीच्या ३३०६ चे काय? “महिमान एवैषाम्”, ते यांचे महिमे, देव तेहतीसच.

रूपकाचे उत्तर ग्रंथानेच दिले आहे ते असे. दोन प्रश्न वेगळे ठेवा. शब्दाचा अर्थ काय? संख्या. ती संख्या सांगून वाक्याला काय म्हणायचे आहे? थोरवी. दुसरे उत्तर अडचणीचे वाटते म्हणून पहिलेच बदलणे ही लबाडी आहे.

मुख्यार्थ, म्हणजे शब्दशः अर्थ, सोडून रूपक घ्यायचे तर अलंकारशास्त्राने तीन अटी घातल्या आहेत: मुख्यार्थाला बाध यावा, म्हणजे तो तिथे जुळेनासा व्हावा, नव्या अर्थाचा मूळ अर्थाशी संबंध असावा, आणि पाठीशी रूढी किंवा काही प्रयोजन असावे. “अनंत चतुर्दशीला सारे पुणे लक्ष्मी रस्त्यावर असते.” शहर रस्त्यावर मावत नाही, हा बाध, पुण्याचा पुणेकरांशी संबंध, गर्दी दाखवणे, हे प्रयोजन. वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक तर वेदाच्या अक्षराला चिकटून राहणारे, पण हजार संवत्सरे (वर्षे) चालणाऱ्या सत्रापाशी, म्हणजे लांबलचक यज्ञापाशी, त्यांनीही विचार केला की इतके जगणारा यजमान आणायचा कुठून, आणि संवत्सर म्हणजे तिथे दिवस असा निर्णय दिला. पावणेतीन वर्षांत काम होते. “आदित्यो यूपः” म्हणजे यज्ञाचा खांब सूर्य; डोळ्यांना तो लाकूड दिसतो, म्हणून तो सूर्यासारखा चमकतो एवढाच अर्थ. पुरुषसूक्तात डोकी हजार आणि डोळेही हजारच. शब्दशः घ्याल तर प्रत्येक डोक्याला एकच डोळा येतो. वेदांचे भाष्यकार सायणाचार्य सहस्राचा अर्थ अनंत असा करून मोकळे होतात.

बिघडते ते अटी गाळल्यावर. बाध न तपासता सुटले की सगळेच रूपक होते, मग यज्ञही नको आणि यजमानही नको. संबंध न पाहता सुटले की शंभर कौरव म्हणजे शंभर वासना, असे काहीही चालते. मग ते शंभर ढेकूण का नव्हेत, याला उत्तर राहत नाही.

हो, लेखन राहिले. सुटा शब्द कोटी, दीर्घ; मराठीत तत्सम इकारान्तही दीर्घान्त लिहितात. समासात आधी आला की ह्रस्व: कोटिक्रम, कोटिज्या. फलकावर ‘तेहतीस कोटि’ होते, म्हणजे तेही चूकच.