खोकल्यामागचा ‘रे’

“गेलेल्या माणसाचे आवाज नि फोटो घेऊन कुणी रोज बसत असेल, तर जखम भरते की चिघळते?” हा प्रश्न बहुतेक वेळा शोक करणाऱ्याचा नसतो, त्याच्या घरच्यांचा असतो. या वेळी तो भावाचा होता आणि बहीण तो घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडील जाऊन नऊ महिने झाले होते. त्यांचे फोनवरचे व्हॉइस मेसेज, जुने व्हिडिओ, स्कॅन केलेले हिशोबाचे कागद असं सगळं जोडून ती एक दृक्‌श्राव्य कोलाज करत होती. दादाचं म्हणणं, “डिलीट कर सगळं. नाहीतर यातून बाहेर पडणार नाहीस.”

मी कोलाजचं नावही काढलं नाही. आधी झोप, जेवण, काम, माणसांत जाणं यांबद्दल विचारलं. रात्री तासभर बसते, रडू आलं तर रडते, मग लॅपटॉप मिटून झोपते, सकाळी कामावर जाते. माझी निम्मी काळजी तिथेच मिटली. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकातला माणूस दुःखाकडे जातो, रोजच्या व्यवहाराकडे परततो, पुन्हा जातो. ही ये-जा चालू आहे ना, एवढंच मी बघते. नुसतं ‘अजून रडते’ म्हणून आजार ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दीर्घकाळ चालणाऱ्या शोकविकारासाठी किमान ६ महिन्यांची अट आहे, पण त्याबरोबर रोजचं जगणंही विस्कटलेलं असावं लागतं. तिचं विस्कटलं नव्हतं. आणि दुःखाच्या बाजूला कधी फिरकतच नाही, अशा माणसाची मला जास्त काळजी वाटते. हे मी तिला बोलले नाही. दादा समोर नव्हता.

तिसऱ्या भेटीत तिने चार मिनिटांचं काम दाखवलं. छान होतं, जरा जास्तच गुळगुळीत. वडिलांना शेवटची दोन वर्षं सतत खोकला होता, असं तिनेच सांगितलेलं. मी सहज विचारलं, “खोकला कुठे गेला?”

“काढला. मध्ये मध्ये येत होता.”

मग बराच वेळ गप्प. पुढच्या दोन भेटी त्या खोकल्यातच गेल्या. एका रात्री वैतागून तिने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं, ऐकू येऊ नये म्हणून. नऊ महिन्यांत हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. खोकला परत घाला, असं मी सुचवलं नाही. तिने आपणहून घातला. एका ठिकाणी तर पडदा काळा आणि नुसता खोकला, अकरा सेकंद.

त्यानंतर एकदा ती दादाला घेऊन आली. तो हाताची घडी घालून बसला. पडद्यावर वडील म्हणाले, “किल्ली नेलीस का…” मग खोकल्याची उबळ आणि त्यामागून अगदी बारीक, “…रे?”

बहिणीने आधी खोकला कापला तेव्हा तो ‘रे’ही त्यात गेला होता. इतके दिवस तिला वाटत होतं, बाबा आपल्यालाच विचारताहेत.

“हे मला विचारत होते,” दादा म्हणाला. त्याने तो तुकडा तीनदा लावायला सांगितला. निघताना दारात थांबून बहिणीला म्हणाला, “तेवढा मला पाठव. खोकल्यासकट.”