'इंपीरियल' माप म्हणजे नक्की काय? अमेरिकेतलं गॅलनही इंपीरियलच का?

इंपीरियल म्हणजे 'साम्राज्याचं'. ब्रिटनमध्ये पूर्वी वाइनचं गॅलन वेगळं आणि बिअरचं वेगळं होतं. 1824 च्या कायद्याने हा घोळ मिटवून सगळ्यांसाठी एकच प्रमाण ठरवलं, ते इंपीरियल. त्यामुळे इंच, फूट, पौंड ही मापं शतकानुशतकं जुनी असली तरी हे नाव त्या मानाने अलीकडचं.

अमेरिका तोवर स्वतंत्र झाली होती. तिने जुनं वाइन गॅलनच ठेवलं. म्हणून अमेरिकन गॅलन सुमारे 3.79 लिटरचं आणि इंपीरियल 4.55 लिटरचं. अमेरिकन मापांना सरसकट इंपीरियल म्हणणं म्हणूनच चूक आहे. परदेशी गाडीचं मायलेज वाचताना हा फरक जरूर बघा, चांगला वीस टक्क्यांचा आहे. लांबीत मात्र गोंधळ नाही: 1959 पासून दोन्हीकडे इंच म्हणजे बरोबर 2.54 सेंटीमीटर.

आपल्याकडे 1956 मध्ये मेट्रिकचा कायदा झाला, तरी ही मापं हाताशी आहेतच. सुताराकडे जाऊन बघा: प्लायवूड आठ बाय चार फुटांचं, जाडी 18 मिलिमीटर, आणि कापताना तो म्हणणार 'दोन सूत कमी घे'. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपला गुंठासुद्धा 33 बाय 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे मिळून अचूक एक एकर होतो, आणि एकर हे इंपीरियल माप आहे.