माझ्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलचा तिसरा गिअर निसटतो. तिच्या गिअरबॉक्समध्ये यामाहाच्याच आरएक्सझेड १३५ चा तिसरा गिअर बसेल का? मी सोलापुरात असतो.

नाही, एकटा तिसरा गिअर बसवू नका, निसटणं थांबणार नाही. आरएक्स १०० चा बॉक्स चार गिअरचा, आरएक्सझेडचा सहसा पाच गिअरचा. दातांची संख्या वेगळी, त्यामुळे समोरच्या शाफ्टवरच्या जोडीदाराशी दात जुळत नाहीत. पाच गिअर घालायचेच असतील तर दोन्ही शाफ्ट, फोर्क (गिअर सरकवणारा काटा) आणि शिफ्ट ड्रम (फोर्क हलवणारा खाचांचा दंड) हा अख्खा सेट एकाच इंजिनाचा घ्या, आणि विकत घेण्याआधी शाफ्टची जाडी, स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) नि बेअरिंग व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) तुमच्या मापांशी ताडून बघा. दिसायला सारखं म्हणजे मापाला सारखं नव्हे. गिअर निसटतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचे डॉग (शेजारच्या गिअरमध्ये अडकणारे बाजूचे खुंट) झिजून गोल झालेले असतात किंवा फोर्क वाकलेला असतो, हे दोन्ही आधी तपासा. मग आरएक्स १०० चेच गिअर जोडीने बदला. सोलापुरात लेथवाल्याकडून डॉग वेल्डिंगने भरून घेण्याचा मोह होईल, पण त्या उष्णतेने कडक केलेला पृष्ठभाग मऊ पडतो.

केसिंग (इंजिनाचं बाहेरचं कवच) उघडताय तर क्रँकची दोन्ही ऑइल सील नवीन टाकाच. क्लच बाजूचं गळलं तर गिअर ऑइल जळून पांढरा धूर येतो. मॅग्नेट बाजूचं गळलं तर हवा शिरून मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन जाम होऊ शकतो. टू-स्ट्रोकमध्ये हे फार महत्त्वाचं.

मात्र केसिंगच बदलणार असाल तर इंजिन नंबर त्यावरच असतो, म्हणून आधी आरटीओत विचारा.