वाचकांचे प्रश्न : अमूर्त चित्राचे थर, साहित्य आणि दिनक्रम

मागील अंकात अमूर्त, म्हणजे ओळखता येणारी आकृती नसलेली चित्रे करणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांविषयी लेख प्रसिद्ध झाल्यानंतर अनेक वाचकांची पत्रे आली. त्यांपैकी प्रत्यक्ष रंगकामाशी संबंधित असलेले चार प्रश्न येथे घेतले आहेत. अमूर्त चित्राच्या अर्थाविषयी आपल्याकडे भरपूर लिहिले जाते, मात्र ते चित्र कशाने आणि कसे बनते याविषयी फारच कमी लिहिले जाते, असे माझे मत असल्यामुळे या प्रश्नांना प्राधान्य दिले आहे.

प्रश्न : मी नाशिक येथे चित्रकला शिक्षक आहे. गायतोंडे यांच्या चित्रांत रंग आतून उजळल्यासारखे दिसतात आणि कुंचल्याची खूण कोठेच दिसत नाही. ते रोलर वापरत असत असे वाचल्यामुळे मीही रोलर वापरून पाहिला, परंतु रंग सपाट आणि निर्जीव झाला. यात नेमकी कशाची उणीव राहते?

उत्तर : आपण रोलर हाती घेतला हे योग्यच झाले, परंतु रोलर हा त्या पद्धतीचा केवळ अर्धा भाग आहे. गायतोंडे रोलरने रंग पसरवत असत आणि पॅलेट नाईफने, म्हणजे रंग कालवण्याच्या बोथट, लवचीक पात्याने, तो काही ठिकाणी चढवत, तर काही ठिकाणी खरवडून काढत असत. वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे फाडलेले कपटेही ते वापरत. ओल्या थरावर असा कपटा ठेवून दाबला आणि अलगद उचलला की खालच्या रंगाचा काही अंश कागदाबरोबर निघून येतो. कपट्याच्या फाटक्या कडेपाशी रंगाची एक बारीक, किंचित उंच रेघ उभी राहते आणि तिच्या आतल्या भागात आधीच्या थराचा रंग पुसटसा दिसू लागतो. त्यांच्या चित्रांत लिपीसारखे भासणारे, पण कोणत्याही लिपीतले नसलेले जे आकार दिसतात, त्यांचा कडांपाशी विरघळणारा स्वभाव रंग चढवण्याच्या आणि उतरवण्याच्या या क्रियेतून आलेला आहे.

आतून उजळल्याचा जो अनुभव आपण लिहिला आहे, त्याचे कारण प्रकाशाच्या प्रवासात आहे. रंगाचा थर पातळ आणि पारदर्शक असेल तर प्रकाश त्यातून आरपार जातो, खालच्या फिकट थरावर आपटतो आणि पुन्हा त्याच रंगातून गाळून बाहेर येतो. थर जाड आणि अपारदर्शक असेल तर प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो, आणि आपल्याला सपाटपणा जाणवतो तो यामुळेच. आपण बहुधा रंगात पांढरा मिसळून तो एकाच थरात पसरवला असावा. पांढरा मिसळताच पारदर्शकता जाते. त्याऐवजी एका लहान कॅनव्हासवर प्रथम फिकट आणि कमी तेलाचा थर द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, त्यावर जवसाच्या तेलात पातळ केलेला पारदर्शक रंग रोलरने अत्यंत कमी प्रमाणात पसरवावा आणि तो ओला असतानाच कागदाने काही ठिकाणी उचलावा. रोलर भिंतीसाठीचा जाड लोकरीचा नको, छापकामासाठी मिळणारा गुळगुळीत रबरी रोलर घ्यावा, कारण लोकरीचा रोलर रंग पिऊन घेतो आणि पृष्ठभागावर स्वतःचा दाणेदार ठसा उमटवतो.

विद्यार्थ्यांना ही पद्धत शिकवताना एक गोष्ट अवश्य सांगावी. १९४८ साली सर ज. जी. कलाशाळेतून पदविका घेतल्यानंतर गायतोंडे बराच काळ भारतीय लघुचित्रांच्या आणि स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले यांच्या रेषांच्या प्रभावाखाली काम करत होते. आकृती त्यांच्या चित्रांतून हळूहळू मावळत गेली. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, त्यापूर्वीच मुंबईत त्यांची पूर्णतः अमूर्त चित्रे झालेली होती. त्यांची अमूर्तता अमेरिकेतून उसनी आणलेली आहे हे विधान अजूनही अधूनमधून कानावर येते आणि ते मला अन्यायकारक वाटते. शक्य झाल्यास मुलांना दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहातील मूळ चित्र दाखवावे. छापील प्रतिमेत पोत नाहीसा होतो आणि या चित्रांत तर पोत हाच आशय आहे.

प्रश्न : मी रत्नागिरीत राहते. पावसाळ्यात तैलरंगाचे थर आठवडे उलटले तरी चिकट राहतात, म्हणून एका चित्रावर मी मध्येच ॲक्रिलिकचा थर दिला. आता तो पापुद्र्यासारखा सुटू लागला आहे. हे चित्र वाचवता येईल काय? आणि पावसाळ्यात काम कसे करावे?

उत्तर : सुटू लागलेला थर पुन्हा चिकटवण्याचा प्रयत्न करू नये. जेवढा सहज निघतो तेवढा काढून टाकावा, खालचा तैलरंग पूर्ण वाळू द्यावा आणि त्यावर पुन्हा तैलरंगानेच काम करावे. पाणी उडून गेले की ॲक्रिलिक वाळते, तर तैलरंग हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होतो. त्यामुळे तेलकट पृष्ठभागावर ॲक्रिलिकला धरून राहण्यासारखे काही मिळत नाही. उलट क्रम मात्र चालतो. पूर्ण वाळलेल्या, पातळ ॲक्रिलिकवर तैलरंगाचे थर देता येतात, आणि कोकणातील हवेत सुरुवातीचे थर ॲक्रिलिकचे घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

तैलरंगातच काम करायचे असेल तर सर्वांत खालचा थर कमी तेलाचा आणि त्यावरील प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा अधिक तेलकट ठेवावा. खालचा थर तेलकट आणि वरचा रुक्ष राहिला तर वरचा आधी ताठ होतो, खालचा हलत राहतो आणि कालांतराने तडे जातात. रंगद्रव्यांचाही विचार करावा लागतो. अंबरसारखे मातकट रंग त्यांतील मँगनीजमुळे लवकर वाळतात, तर आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो. म्हणून काळ्याचा जाड थर तळाशी देणे टाळावे. लवकर वाळावे म्हणून टर्पेंटाइनचा अतिरेकही करू नये. तेल फार पातळ झाले की रंगद्रव्य धरून ठेवणारे काही उरत नाही आणि बोट फिरवले तरी भुकटी हाताला लागते. घाई असेल तर अल्किड माध्यम, म्हणजे तैलरंगात मिसळायचा आणि तो लवकर वाळवणारा कृत्रिम राळेचा द्राव मिळतो, तो अल्प प्रमाणात वापरावा.

कॅनव्हासला सरसाचे अस्तर दिलेले असेल तर दमट हवेत तो सरस फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो, त्यामुळे आपल्याकडे ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंगकामापूर्वी द्यायच्या पांढऱ्या लेपाचे, अस्तर अधिक सुरक्षित ठरते. चित्रे भिंतीला टेकवून ठेवू नयेत, मागून हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे, म्हणजे बुरशी धरण्याची शक्यता कमी होते. ओला तैलरंग अंधाऱ्या खोलीत किंवा कापडाखाली झाकून ठेवल्यास जवसाचे तेल पिवळे पडते, तेव्हा उजेड येऊ द्यावा, मात्र थेट ऊन नको.

या निमित्ताने एक सूचना आग्रहाने करतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून देऊ नये. तेल घट्ट होताना उष्णता निर्माण होते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.

प्रश्न : मर्यादित पैशांत कोणते रंग घ्यावेत? विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त रंगांनी थरांचे काम होते काय?

उत्तर : स्वस्त रंगांत रंगद्रव्य कमी आणि भर घालणारी पूड जास्त असते, त्यामुळे ते पातळ केल्यावर दुधाळ होतात. पारदर्शक थरांसाठी ते निरुपयोगी ठरतात, सरावासाठी मात्र हरकत नाही. वीस स्वस्त नळ्यांऐवजी कलावंतांसाठीच्या दर्जाच्या पाच-सहा नळ्या घ्याव्यात. नळीवर रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. तेथे एकच क्रमांक असेल तो रंग निवडावा. ‘ह्यू’ असे लिहिलेले असेल तर ते मूळ रंगद्रव्याऐवजी केलेले पर्यायी मिश्रण असते. पांढऱ्यासाठी टायटेनियम व्हाइट घ्यावा. झिंक व्हाइट तैलमाध्यमात काही वर्षांनी ठिसूळ होतो. पारंपरिक अ‍ॅलिझरिन क्रिमसन हा गडद लाल रंग प्रकाशात फिका पडतो, म्हणून त्याऐवजी क्विनाक्रिडोन या रंगद्रव्याचा लाल घ्यावा.

प्रश्न : मी पुण्यात बँकेत नोकरी करतो आणि फक्त रविवारी रंगवतो. वर्षाला जेमतेम चार-पाच चित्रे पूर्ण होतात. चित्रकार मित्र म्हणतात की रोज काम केल्याशिवाय अमूर्त चित्र साधत नाही. माझ्यासारख्याने हा नाद सोडावा काय?

उत्तर : अजिबात सोडू नये. गायतोंडे पूर्णवेळ चित्रकार असूनही वर्षाकाठी साधारण पाच-सहा कॅनव्हासच पूर्ण करत असत. आपली संख्या कमी आहे म्हणून काम कमअस्सल ठरत नाही. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी अनेक वर्षे विव्हर्स सर्व्हिस सेंटर या हातमाग वस्त्रांसाठीच्या सरकारी केंद्रात नोकरी केली आणि त्याच काळात स्वतःची चित्रभाषा घडवली. त्यांची चित्रे पूर्णतः अमूर्त नाहीत, परंतु नोकरी सांभाळून सखोल काम करता येते याचे त्यांच्याइतके विश्वासार्ह उदाहरण मराठी चित्रकारांत मला दुसरे दिसत नाही. त्यांनी डायऱ्यांतून केलेले चिंतन आणि १९९० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आपण वाचावे.

आपल्या मित्रांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच, की चित्राशी रोजचा संबंध राहिला पाहिजे. तो रोज रंगवूनच राहतो असे नाही. थरांच्या पद्धतीत एक थर वाळेपर्यंत थांबावेच लागते, आणि आपला आठवडा या थांबण्याला नेमका जुळतो. रविवारी थर द्यावा, चित्र जाता-येता दिसेल अशा जागी ठेवावे आणि पुढच्या रविवारी काय काढायचे व काय ठेवायचे हे आठवडाभरात ठरू द्यावे. सकाळच्या उजेडात आणि रात्री दिव्याखाली असे दोन्ही वेळा पाहावे, कारण दिव्याच्या पिवळट प्रकाशात निळ्याचा निर्णय हमखास चुकतो. १९८४ सालच्या अपघातानंतर गायतोंडे यांना काही वर्षे मोठे कॅनव्हास हाताळता आले नाहीत, तेव्हा त्यांनी कागदावर शाईने लहान चित्रे केली. आपल्यालाही आठवड्याच्या मधल्या दिवशी अर्धा तास मिळाला तर शाई आणि कागद पुरेसे आहेत; त्यासाठी टर्पेंटाइनची बाटली उघडण्याचीही आवश्यकता नाही.

पाच चित्रांचे काम वर्षभर चालत असल्यामुळे आपल्याला एका नोंदीची सवय फार उपयोगी पडेल. कोणत्या तारखेला कोणता रंग, कोणत्या माध्यमात आणि किती पातळ करून दिला, हे प्रत्येक चित्रामागच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलीने लिहावे. कॅनव्हासच्या पाठीवर दाबून लिहू नये, कारण तो दाब काही वर्षांनी पुढच्या बाजूला भेगेच्या रूपाने दिसू शकतो.