वाचक विचारतात : विजेच्या गाडीचा किलोमीटर कितीला पडतो?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी वडगाव बुद्रुकला राहतो आणि नोकरीसाठी हिंजवडीला जातो. जाऊन-येऊन रोज 45 किलोमीटर होतात. महिन्यातून एकदा आई-वडिलांना भेटायला साताऱ्याची फेरी असते. आमच्या शेजारचे काका सांगतात की त्यांची इलेक्ट्रिक गाडी रुपया-दीड रुपया किलोमीटरने चालते, तर कार्यालयातले सहकारी वाढलेल्या वीजबिलाने हैराण आहेत. खरे कोणाचे मानावे? घरचा वीजवापर महिन्याला 180 युनिट आहे. (एक वाचक, वडगाव बुद्रुक)

उत्तर : दोघांचेही खरे असू शकते, कारण विजेच्या गाडीचा खर्च गाडीइतकाच ती कोणत्या मीटरवर चार्ज होते यावरही अवलंबून असतो.

आपली धाव महिन्याला साधारण 1,200 किलोमीटर होते. पेट्रोल गाडीने शहरात लिटरला 15 किलोमीटर दिले आणि पेट्रोल 104 रुपये धरले, तर 80 लिटरचे 8,320 रुपये होतात, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ सात रुपये. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी बॅटरीतल्या एका युनिटवर सुमारे सात किलोमीटर जाते. पण बिल बॅटरीचे येत नाही, मीटरचे येते. माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी एकदा रात्री गाडी चार्जिंगला लावताना आणि सकाळी काढताना मीटरचा आकडा वहीत टिपून ठेवला होता. गाडीच्या पडद्यावर 20 युनिट भरल्याचे दिसत होते, मीटर मात्र साडेबावीस युनिट पुढे सरकला होता. चार्जरमध्ये आणि बॅटरीत उष्णतेच्या रूपाने जाणारी ही वीज धरून युनिटला सहाच किलोमीटर मोजावेत, म्हणजे आपल्याला महिन्याला 200 युनिट लागतील.

आता ही 200 युनिट आपल्या घरच्या 180 युनिटांवर चढतात, आणि महावितरणचा घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांवर वाढत जातो. म्हणून त्यांतली 120 युनिट 101 ते 300 च्या टप्प्यात बसतील आणि उरलेली 80 त्याच्या वरच्या महागड्या टप्प्यात जातील. वहन आकार आणि वीज शुल्क मिळून हे दर अनुक्रमे 13 आणि 17 रुपये धरले (आपल्या ताज्या बिलावरचे दर घालून पाहावेत), तर 2,920 रुपये होतात, म्हणजे किलोमीटरला सुमारे 2 रुपये 43 पैसे. याउलट सोसायटीने वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घेतली असेल, तर तिला टप्प्यांचा घरगुती दर लागत नाही. युनिट 9 रुपयांना पडले, तर तीच 200 युनिट 1,800 रुपयांत, किलोमीटरला दीड रुपयाने मिळतील. आपल्या शेजारच्या काकांचा आकडा बहुधा इथूनच आला असावा. गाडी पाहायला जाण्याआधी सोसायटीच्या सभेत हा विषय काढावा, असे मी अगदी आग्रहाने सांगेन.

हिंजवडीच्या कोंडीत तर विजेच्या गाडीचे पारडे आणखी जड होते. पेट्रोल इंजिन उभ्या गाडीतही इंधन जाळत राहते. मोटार थांबली की वीज फक्त एसीला लागते, आणि ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परतही येते. साताऱ्याच्या रस्त्यावर मात्र उलटे घडते. शंभरच्या वेगाने आणि खंबाटकीच्या चढावर युनिटला सातऐवजी पाच-साडेपाच किलोमीटर मिळतात, आणि वाटेत सार्वजनिक फास्ट चार्जरवर युनिटला 20-25 रुपये मोजले, तर तेवढ्या अंतरापुरता किलोमीटर चार-पाच रुपयांना पडतो. घरून पूर्ण चार्ज करून निघावे आणि साताऱ्यात आई-वडिलांच्या घरी अर्थिंग नीट असलेला 15 अँपिअरचा सॉकेट करून घ्यावा.

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग आणि क्लच हे खर्च उरत नाहीत. टायर मात्र गाडीच्या वजनामुळे लवकर झिजतात. विम्याच्या थर्ड पार्टी हप्त्यात 2022 पासून 15 टक्के सवलत असली, तरी गाडीची किंमत जास्त असल्याने स्वतःच्या नुकसानीचा हप्ता वाढतो.

एकंदरीत घरच्या मीटरवरही आपले वर्षाला सुमारे 65,000 रुपये वाचतील. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा किंमत साडेतीन लाखांनी जास्त असेल, तर ती भरून यायला साडेपाच वर्षांच्या आत-बाहेर लागतील. स्वतंत्र जोडणीवर साडेचार. बहुतेक कंपन्या बॅटरीला 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी देतात, तेव्हा हे गणित हमीच्या मुदतीत बसते. सीएनजीचाही विचार करावा : किलोला 24 किलोमीटर आणि 90 रुपये दर धरल्यास महिन्याला 4,500 रुपये होतात, फक्त पंपावरच्या रांगेची तयारी हवी.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. 6 वर्षांची पेट्रोल गाडी उत्तम चालते आणि महिन्याला जेमतेम 400 किलोमीटर होतात. पेट्रोल वाचवण्यासाठी ती विकून इलेक्ट्रिक घ्यावी का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : घेऊ नये. घरच्या मीटरवर आपली बचत वर्षाला 22-23 हजारांच्या पुढे जाणार नाही, आणि नुसता साडेतीन लाखांचा फरक भरून यायलाच 15 वर्षे लागतील. चालती गाडी विकताना होणारा तोटा वेगळाच. आहे त्या गाडीची सर्व्हिसिंग वेळेवर करावी, टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी तपासावी आणि तिलाच आणखी पाच-सात वर्षे वापरावे.