छातीत पू झालाय, मग हार्टच्या डॉक्टरकडे कशाला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. सासऱ्यांना (वय ५८) टीबी झाला होता, औषधं चालू असतानाच छातीत पू झाला. नळी टाकली तरी फुप्फुस फुलत नाही म्हणून सिव्हिलमधून मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला पाठवलंय, चिठ्ठीवर ‘सीव्हीटीएस’ लिहिलंय. शेजारचे म्हणतात ते तर बायपासवाले, आणि तिथे ऑपरेशन शिकाऊ पोरं करतात. जावं का?
– एक सून, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, जा, आणि लवकर जा. सीव्हीटीएस म्हणजे हार्ट, छाती आणि रक्तवाहिन्या तिन्हीचं डिपार्टमेंट, त्यामुळे चिठ्ठी बरोबरच आहे. खरं तर छातीची सर्जरी वाढली तीच टीबीमुळे, औषधं नव्हती तेव्हा बरगड्या काढून फुप्फुस दाबून ठेवायचे, हार्ट नंतर आलं. पण नाव हार्टचंच होतं, केईएमला डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८मध्ये हृदयप्रत्यारोपण केलं ते सगळ्यांना माहीत, फुप्फुसावरची साल कोण सोलतं ते कोणी विचारत नाही!

सासऱ्यांचं तेच करावं लागेल असं दिसतंय. पू जुना झाला की फुप्फुसावर जाड साल धरते, मग ते आतल्या आत आवळून बसतं. भूलतज्ज्ञ दोन तोंडांची नळी घालून दुसऱ्याच फुप्फुसावर श्वास चालू ठेवतात, सर्जन साल हळूहळू सोलत जातो, मधेच म्हणतो ‘फुगवा जरा’, आणि कुठून हवा गळतेय ते बघतो. याला डिकॉर्टिकेशन म्हणतात. लवकर आलात तर दुर्बिणीतून जमू शकतं, उशीर झाला की बहुतेक वेळा छाती उघडावी लागते.

आता शिकाऊ पोरांचं. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमएस जनरल सर्जरी, मग नीट एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षं एमसीएच, म्हणजे सुपरस्पेशालिटीची पदवी. म्हणजे ते ‘पोरगं’ तिशीच्या आसपासचं, आधीच सर्जन असतं. छाती उघडणं-बंद करणं, नळ्या टाकणं ते करेल, अवघड भाग सर करतील किंवा समोर उभं राहून करून घेतील. रात्री दोनला नळी अडली तर धावत येणारंही तेच, हे शेजारच्यांना सांगा.

विचारायचंच तर हे विचारा की युनिटमध्ये फुप्फुसाच्या केसेस नेमाने होतात का, कारण काही ठिकाणी बायपास आणि व्हॉल्व्हचीच लाइन इतकी असते की छातीवाला पेशंट मागे पडतो. नळीची बाटली कायम छातीच्या खाली ठेवा, कोणी सांगितल्याशिवाय नळीला चिमटा लावू नका. टीबीच्या गोळ्या आणि सगळे जुने एक्स-रे, सीटी बरोबर न्या.

प्रश्न: मुलगी एमबीबीएसला आहे, तिला फक्त फुप्फुसांची सर्जरी करायचीय, हार्ट नको. रस्ता आहे का?
– एक पालक, नाशिक

उत्तर: आहे, पण बहुतेक ठिकाणी सीव्हीटीएसमधूनच जातो, हार्ट शिकावंच लागतं, नंतर थोरॅसिकची, म्हणजे फक्त छातीच्या सर्जरीची फेलोशिप करता येते. कॅन्सरकडे ओढा असेल तर सर्जिकल ऑन्कोलॉजीचं एमसीएच, टाटासारख्या ठिकाणी फुप्फुस आणि अन्ननलिकेचं वेगळं युनिटच असतं. सीव्हीटीएससाठी एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचं डीआरएनबीही (एमसीएचसारखीच सुपरस्पेशालिटीची पदवी) आहे. पण आधी इंटर्नशिपमध्ये सर्जरीच्या नाइट ड्युट्या करू देत, मग ठरवा!