क्यूआर कोड स्कॅन करायला दुसरा फोन कुठून आणायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांच्या देवगडच्या बागेतला हापूस थेट विकायला साइट केली, लॅपटॉपवर छान दिसते, मोबाइलवरही नीट बसते. लोक येतात, पेटी निवडतात आणि पैसे भरायच्या पानावरून परत जातात. वर फोन करून विचारतात, "साइट खरी आहे ना?" मग साइट रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे प्रत्येक स्क्रीनवर नीट बसेल अशी, करण्यात काय चुकलं, आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून वेगळं काय करायचं?

मला हे दोन प्रश्न एकच वाटतात. मोबाइलवर जागा कमी पडते म्हणून आपण काही ना काही लपवतो, आणि लपवताना नेमकं तेच लपवतो ज्याच्या भरवशावर माणूस खिशात हात घालतो. काल रात्री तुमची साइट माझ्या फोनवर उघडली, तेव्हा हेच दिसलं.

पैशाच्या पानापासूनच सुरू करतो, गिऱ्हाईक तिथून पळतंय म्हणून. तिथे तुम्ही भलामोठा क्यूआर कोड लावलाय. लॅपटॉपवर ठीक आहे, समोर स्क्रीन आणि हातात फोन. पण जो फोनवरच साइट बघतोय, त्याने तो स्कॅन कशाने करायचा? बिचारा स्क्रीनशॉट काढणार, यूपीआय ॲपात जाणार, गॅलरीतून फोटो निवडणार. एवढं करून तिथे नाव दिसतं तुमचं, म्हणजे पुतण्याचं, जे साइटवर कुठेच नाही! पैसे जाण्याआधी घेणाऱ्याचं नाव ॲप दाखवतं, आणि लोक ते आता नीट वाचतात. साइटवर बागेचं नाव आणि ॲपात भलत्याच माणसाचं दिसलं, तर मीही परत फिरलो असतो.

तेव्हा मोबाइलवर 'यूपीआयने पैसे भरा' असं बटण द्या, दाबलं की फोनमधलं ॲप रकमेसकट उघडेल. वैयक्तिक यूपीआय आयडीवर अशी लिंक बऱ्याच ॲपांत अडते, म्हणून पेमेंट गेटवे (साइटवर पैसे स्वीकारून देणारी सेवा) घ्या आणि खातं बागेच्या नावाने काढा. बटणाच्या वर एक ओळ टाका: 'पैसे भरताना अमुक हे नाव दिसेल.' मी एका होमस्टेच्या साइटवर ही ओळ टाकली, तेव्हापासून "नाव वेगळं का येतंय?" हे फोन बंद झाले. क्यूआर ठेवायचाच तर फक्त रुंद स्क्रीनवर दाखवा.

आता भाव. पहिल्या पानावर पेटीचा भाव आणि पाठवणीचा खर्च अगदी शेवटी, हे गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं. पेटी निवडायच्या जागीच पिनकोड विचारा आणि घरपोच किती पडेल ते तिथेच सांगा. त्या चौकटीवर बोट ठेवलं की अंकांचा कीबोर्ड उघडायला हवा, सध्या अक्षरांचा उघडतो. चौकटीतली अक्षरं 16 पिक्सेलपेक्षा लहान आहेत, त्यामुळे आयफोनवर सफारी आपणहून पान झूम करतो आणि अर्धा फॉर्म बाजूला जातो. तुम्ही लॅपटॉपवर ब्राउझरची खिडकी अरुंद करून तपासलं असणार. तिथे यातलं काहीच दिसत नाही.

लपवालपवीचं म्हणाल तर लॅपटॉपवर तळाशी बागेचा पत्ता, काकांचा फोटो, 'साका निघाला तर काय' (साका म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा निघणं) हे सगळं आहे. मोबाइलवर सीएसएसने, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या कोडने, अख्खा तळच गायब केलाय. अहो, पुण्या-मुंबईत बसून आगाऊ पैसे भरणाऱ्याच्या मनात दोनच भीती असतात: कर्नाटकातला आंबा देवगड म्हणून येईल, आणि कापल्यावर साका निघेल. त्या दोन्हींची उत्तरं तुमच्याकडे तयार आहेत आणि ती तुम्ही झाकून ठेवलीत. 'साका निघालेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढे पैसे परत' हे वाक्य भावाच्या लगेच खाली हवं. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. काकांची त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर तो क्रमांकही तिथेच द्या. पत्त्याचं म्हणाल तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दाखवावंच लागतं. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात. अधिकारी म्हणून काकांचंच नाव टाका, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आणि ते 'फक्त 2 पेट्या शिल्लक' आणि उलटं धावणारं घड्याळ काढून टाका. पान रिफ्रेश केलं की घड्याळ पुन्हा 15 मिनिटांवर येतं, मी पाहिलं. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने 'डार्क पॅटर्न'बद्दल, म्हणजे गिऱ्हाइकाची दिशाभूल करणाऱ्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातल्या 13 प्रकारांत खोटी घाई पहिलीच आहे. खरंच शेवटच्या तोडीच्या दोनच पेट्या उरल्या असतील तेव्हा खुशाल लिहा.

देवनागरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इंग्रजी शिकवण्यांमध्ये हे येत नाही. तुमच्या मथळ्याला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलंय. रोमन लिपीत ते ऐटदार दिसतं, आपल्याकडे शिरोरेखा तुटते. 'देवगड हापूस' हे दात पडल्यासारखं दिसतंय. ते शून्य करा. ओळींमधलं अंतर अक्षरांच्या आकाराच्या 1.2 पट आहे, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. 1.6 च्या आसपास न्या. पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजी राहिलीय, ती मराठी करा. म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर आपल्या वळणाचे 'ल' आणि 'श' उमटतील. हे सगळं नुसत्या हौसेचं नाही. फसवे मेसेज वाचून वाचून लोक मोडकं मराठी लांबून ओळखायला शिकलेत, आणि तुटलेली शिरोरेखा बघून त्यांना तोच वास येतो.

माझीही एक फजिती सांगतो. एका साइटवर मी उजव्या कोपऱ्यात व्हॉट्सॲपचं तरंगतं बटण लावलं होतं. माझ्या फोनवर झकास. आईच्या फोनवर अक्षरं सगळ्यात मोठी केलेली असतात. तिथे 'ऑर्डर करा' फुगून खाली सरकलं आणि बरोबर त्या हिरव्या गोळ्याखाली गेलं. आई म्हणाली, "अरे, विकायचंच नाहीये का यांना?" बटणांची उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकली की असं होतं. तेव्हापासून कुठलीही साइट आईच्या फोनवर उघडल्याशिवाय मी देत नाही.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. मुख्य फोटो अडीच सेकंदांत दिसावा हे गूगलचं माप आहे. तुमचा आंब्याचा फोटो कॅमेऱ्यातून जसाच्या तसा चढवलाय, तो लहान करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात द्या. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची एचटीएमएलमध्ये लिहा, नाहीतर फोटो उशिरा येतो, पान खाली सरकतं आणि दोन डझनावर ठेवलेलं बोट पाच डझनावर पडतं. माझं पडलं.

क्यूआरचं आधी करा. मग वायफाय बंद करून, साध्या अँड्रॉइड फोनवरून स्वतः एक पेटी मागवा, अगदी पैसे भरेपर्यंत. झालं की कळवा, आईच्या फोनवर उघडून बघतो.